घरगुती स्पीकरमधील ट्वीटर आणि वूफरची जोडणी
सांगलीत गणपतीच्या आधी घरीच स्पीकरची पेटी बांधणाऱ्यांनी ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) थेट अँप्लिफायरला जोडू नये, कारण खालच्या स्वरांचा सगळा भार त्याच्या केसासारख्या तारेवर येऊन ती जळते. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणे टोके नसलेला) कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे त्याच्या एका तारेच्या मधोमध, लावला, तर सुमारे ४,२०० हर्ट्‌झखालचे स्वर क्रमाने कमी होत जातात. ८ ओहमच्या वूफरला (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) वरचे स्वर कमी करायला ०.३३ मिलिहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये पुरते.

सोल्डर करण्यापूर्वी वूफरला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. वूफरचा कोन (पुढचा शंकूसारखा पडदा) बाहेर सरकला, तर सेलच्या अधिक बाजूला लागलेले टोक अधिक समजावे. ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: दोन पेट्यांपैकी एकीच्याच तारा उलट लागल्या, तर आरतीच्या रेकॉर्डिंगमधला डग्गा अगदी पोकळ ऐकू येतो.