उड्डाणपुलाच्या पोचमार्गाची भिंत: भराव कसा घालावा

महामार्गाच्या चौकात उड्डाणपूल झाला की लोक खांब आणि गर्डर बघतात. बिघडतो मात्र बहुधा पोचमार्ग: रस्ता खचतो, बाजूने भराव धरणारी काँक्रीट पॅनेलची भिंत पोट काढते. मूळ भरावात असतं.

सांगलीकडच्या कृष्णाकाठी पहिला शत्रू काळी माती. मुक्त फुगवटा (पाण्यात माती किती फुगते त्याचं माप) ५० टक्क्यांवर गेलेली माती भरावात अजिबात नको. पायाखालची उकरून मुरूम भरा. त्यावर एम-१५ प्रतीच्या काँक्रीटची १५० मिलिमीटर जाडीची पट्टी. ती भार पेलायला नसून पॅनेल ओळीत बसायला असते, म्हणून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) तपासूनच पुढे जा.

पहिली ओळ टेकू, शिकंजे आणि लाकडी पाचरांनी धरा. पॅनेल किंचित आत झुकवा, मीटरला साधारण १० मिलिमीटर. रोलरच्या दाबाने ते बाहेर सरकून ओळंब्यात येतं. उभ्या सांध्यांमागे जिओटेक्स्टाइल (पाणी सोडून माती अडवणारं कापड), आडव्या सांध्यांत रबरी पॅड.

भरावाच्या मालात ७५ मायक्रॉनखालचे कण १५ टक्क्यांपेक्षा कमी हवेत. इथेच फसगत होते. आपला मुरूम खाणीत चाळणीला पास होतो आणि रोलरखाली चुरून बारीक होतो. म्हणून नमुना दाबल्यानंतरचाही तपासा. जमत नसेल तर क्रशरची कच मिसळा. पॅनेलच्या मागे ६०० मिलिमीटर खडीची गाळणी. ती मुरमात मिसळली तर पाणी अडतं आणि भिंतीवरचा दाब वाढतो.

थर दाबून २०० मिलिमीटरच. वाळू-बदल पद्धतीने (थरात खड्डा घेऊन तो मोजक्या वाळूने भरून) घनता मोजा. जड रोलर पॅनेलपासून दीड मीटर दूर, भिंतीला समांतर. त्या दीड मीटरात फक्त प्लेट कॉम्पॅक्टर. ठेकेदाराला हे काम रटाळ वाटतं आणि पट्टा सैल राहतो. पुढे खड्डा तिथेच पडतो.

जिओग्रिड म्हणजे थरांमध्ये अंथरलेली, पॅनेलला मागे धरून ठेवणारी जाळी. तिची मजबूत दिशा भिंतीला काटकोनात ठेवून ताणा, सुरकुती नको. वर १५० मिलिमीटर माल पडेपर्यंत त्यावरून साखळीचं यंत्र नेऊ नका. जाळीची लांबी भिंतीच्या उंचीच्या ७० टक्क्यांहून कमी नसावी. मागे जागा नाही म्हणून कापायची नसते, डिझाइनरला विचारायचं.

पावसाळ्यात संध्याकाळी थराला पॅनेलपासून दूर जाणारा उतार द्या, नाहीतर एका सरीत गाळणी चिखलाने भरते.

पॅनेल बाहेर आलंच तर जॅकने ढकलू नका. तेवढे थर उपसा, पॅनेल सरळ करा, पुन्हा भरा.