कॅन्यन म्हणजे उलटा गड: युटा-ॲरिझोनाच्या सहलीत या चुका टाळा

मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून अमेरिकेत येतात, जूनमध्ये मुलांच्या शाळा सुटतात आणि घरोघरी एकच बेत शिजतो. लास वेगासला उतरायचं, मोठी गाडी भाड्याने घ्यायची आणि झायन, ब्राइस, आर्चेस ही राष्ट्रीय उद्यानं, अँटिलोपची घळ आणि ग्रँड कॅन्यनची दरी उरकून आठव्या दिवशी घरी. बेतात वाईट काही नाही. फक्त तो हॉटेलच्या बुकिंगवरून आखलेला असतो, उन्हावरून नाही.

साडेदहाला दरीत उतरणं

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाच्या अंगात एक हिशेब मुरलेला असतो: आधी चढायचं, दम लागला की मागे फिरायचं, उतरायला काय लागतंय! ग्रँड कॅन्यनमध्ये हाच हिशेब घात करतो. इथे उतार आधी आणि चढ नंतर. दमल्याचं कळतं तेव्हा सगळा चढ शिल्लक असतो.

साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, उन्हाळ्यात रोज दिसणारं दृश्य सांगतो. हॉटेलचा फुकट नाश्ता नऊपर्यंत चालतो, पार्किंग मिळेस्तोवर दहा वाजतात, साडेदहाला कुटुंब ब्राइट एंजलच्या वाटेवर. ‘थोडंसंच खाली जाऊन येऊ.’ वर, सुमारे ६,८६० फुटांवर, हवा छान असते. मुलं पळत उतरतात, आजोबांचे गुडघेही कुरकुरत नाहीत. दीड मैलावरचं रेस्टहाउस चाळीस-पन्नास मिनिटांत येतं. तिथे कोणीतरी म्हणतं, तीन मैलांचं आता जवळच आहे की. मग तेही होतं. आता घड्याळात साडेबारा, चौघांत मिळून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, त्यातली एक कोमट आणि दुसरी रिकामी. वर जायला २,१०० फुटांचा चढ. म्हणजे जवळजवळ अख्खा सिंहगड, भर दुपारी, तापलेल्या कातळाला चिकटून. शिवाय दर हजार फूट खाली गेलं की तापमान साधारण तीन अंश सेल्सिअसने वाढतं. दरीच्या तळाशी, नदीकाठी ते रिमपेक्षा ११ अंशांनी जास्त असतं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला लागतो, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्याहूनही जास्त.

यावर उपाय म्हणजे घड्याळ. हातात तीन तास असतील तर उतरायला एक तास, चढायला दोन. तास भरला की मागे फिरायचं, पुढचा पॉइंट दहा मिनिटांवर असला तरी. कॅन्यनमध्ये ‘आता आलोच आहोत तर’ या वाक्यावर घरच्यांनी बंदीच घालावी. जूनमध्ये तिथे सव्वापाचला उजाडतं, तेव्हा साडेपाचला वाटेवर पाय पडला पाहिजे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उन्हाळ्यात रिमखाली चालू नका असं पार्कवाले स्वतः सांगतात. तो वेळ जेवण, झोप आणि म्युझियमसाठी आहे. नाश्ता आदल्या रात्री डब्यात भरून ठेवा, हॉटेलच्या वॉफलसाठी थांबू नका.

लहान मुलं आणि ज्येष्ठ असतील तर साउथ कायबाब वाटेवरचा ऊ-आ पॉइंट पुरे. जायला ०.९ मैल, आणि देखावा त्या अंतराच्या मानाने फारच उदार. पण त्या वाटेवर पाण्याचा नळ नाही, आणि तिच्या तोंडाशी स्वतःची गाडी नेता येत नाही, शटलनेच जायचं. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर यायचा विषय कुटुंबाने काढूच नये.

नुसतं पाणी ढोसणं

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, वाळून जातो. ‘मला घामच येत नाहीये’ म्हणणाऱ्याकडे जास्त लक्ष द्या. चालण्याच्या दिवशी माणशी चार लिटर धरा आणि गाडीत एक जास्तीचा गॅलन ठेवा. आर्चेसमधली डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, पण सावली जवळपास शून्य आणि सुरुवातीला पाणीही नाही. बाटल्या व्हिजिटर सेंटरलाच भरून घ्या.

उलट टोकाची चूकही तितकीच होते. घाबरून तासाला दोन-दोन लिटर पाणी प्यायचं आणि खायचं काहीच नाही. रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते. लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात, म्हणजे आजार वाढवतात. इथे आपली शिदोरी उपयोगी पडते: चिवडा, खारे दाणे, भाकरवडी, लोणच्याची फोड. दर अर्ध्या-पाऊण तासाला मूठभर खायचं, भूक नसली तरी. इलेक्ट्रालचं २१.८ ग्रॅमचं पाकीट एक लिटरसाठी असतं. ते अख्खं अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल किंवा मीठ कमी खायला सांगितलं असेल, तर हे सगळं निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

डोक्यावरचं आभाळ बघून ठरवणं

पावसाळ्यात वाढलेल्यांना ही चूक पटवणं सगळ्यात अवघड. आपल्याकडे पाऊस पडतो तिथेच पाणी वाढतं असा समज असतो. या वाळवंटात जमीन म्हणजे उघडा कातळ. पाणी मुरत नाही, सगळं एका फटीकडे धावतं, आणि ती फट म्हणजेच तुम्ही फोटो काढायला उतरलात ती अरुंद घळ.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले. वादळ काही मैल दूर, वरच्या अंगाला झालं होतं. तेव्हाच्या लाकडी शिड्याही लोंढ्याबरोबर गेल्या. आता शिड्या कातळात बोल्टने बसवलेल्या आहेत आणि नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही. गाइडने फेरी रद्द केली की तिकिटाच्या पैशांवरून हुज्जत घालणारे पर्यटक दिसतात. त्यांना हा दिवस सांगावा. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये असेच सात जण गेले.

झायनच्या नॅरोज या अरुंद घळीत तर वाट म्हणजेच नदी. व्हर्जिन नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर गेला किंवा पुराचा इशारा आला, तर वाट बंद करतात. वाट उघडी असणं म्हणजे धोका नसणं नव्हे. झायनच्या संकेतस्थळावर रोज पुराच्या शक्यतेचा अंदाज येतो. ‘शक्यता आहे’ असं लिहिलेलं असेल तर मुलांना घेऊन रिव्हरसाइड वॉक या नदीकाठच्या पायवाटेच्या टोकापर्यंत जा आणि तिथूनच परत या. जुलै-सप्टेंबरमध्ये वादळं बहुधा दुपारी येतात, म्हणून बाराच्या आत बाहेर पडा. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर प्रवाहाशी शर्यत लावू नका. बाजूला चढा. दोन-चार फुटांनीही जीव वाचतो.

नॅरोजमध्ये क्रॉक्स घालून उतरू नका. झायनशेजारच्या स्प्रिंगडेल गावात बूट, निओप्रीनचे मोजे आणि काठी भाड्याने मिळते. त्या नदीत विषारी शेवाळ आढळलेलं आहे. मुलांना डोकं बुडवू देऊ नका, पाणी तोंडात जाऊ देऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

ब्राइसमध्ये क्वीन्स गार्डनच्या वाटेने उतरा आणि नावाहो लूपच्या वाटेने चढा. उलटं करू नका. उंची आठ हजार फुटांवर आहे, पहिल्या दिवशी दम लागणारच.

झायनमधल्या एंजल्स लँडिंगच्या सुळक्यावर चढायला १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं. रेंजरला गळ घालून ते मिळत नाही.

अँटिलोप नावाहोंच्या जमिनीवर आहे, तिथे पार्कचा वार्षिक पास चालत नाही.

नकाशावर नॉर्थ रिम साउथ रिमपासून दहाच मैलांवर दिसतो. रस्त्याने ते अंतर २०० मैलांवर जातं.

युटात आय-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना शंभराहून जास्त मैल पेट्रोलपंप नाही. अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी.

वाटेकडेला काळी, खडबडीत, ढेकळांसारखी माती दिसेल. ती जिवंत असते, तुडवली तर सावरायला वर्षानुवर्षं लागतात. फोटोसाठी त्यावर उभं राहणाऱ्याला घरच्यांनीच हटकावं.

आणि वेळ. नेव्हाडातून युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, पण त्याच राज्यातल्या नावाहो प्रदेशात बदलतं. अँटिलोपजवळच्या पेज गावात फोन कुठला टॉवर पकडेल यावर तुमची वेळ ठरते, आणि अँटिलोपच्या फेऱ्या मात्र पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने सुटतात. गावात शिरलात की फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करा, आजोबांच्या मनगटी घड्याळात ॲरिझोनाची वेळ लावा आणि दिवसभर तेवढ्या एका घड्याळाचं ऐका.