टिग वेल्डिंगची सुरुवात: आधी टंगस्टन, मग बाकीचं

पहिल्या आठवड्यात माझा निम्मा वेळ ग्राइंडरवरच गेला. टंगस्टन, म्हणजे हातातल्या टॉर्चमधली टोकदार सळई, वितळलेल्या धातूत टेकलं की टोकाला गोळा चिकटतो, आर्क (टोक आणि धातूमधली विजेची ठिणगी) भरकटते. मग थांबा, टोक पुन्हा घासा. घासल्याच्या रेघा टोकाकडे जाणाऱ्या, उभ्या हव्यात.

घ्यायचं काय? २ टक्के लँथनमचं, निळ्या पट्टीचं २.४ मिमी टंगस्टन. लाल पट्टीचं थोरियमवालं किरणोत्सारी असतं. त्याची धूळ नाकात कशाला? गॅस शुद्ध आर्गॉन, मिनिटाला ८ ते १० लिटर. मिगचा (तार सोडत जाणाऱ्या दुसऱ्या वेल्डिंगचा) कार्बन डायऑक्साइड मिसळलेला सिलिंडर मी एकदा जोडला होता. टंगस्टनचं टोक बघता बघता काळं पडलं.

सरावाला २ मिमी माइल्ड स्टीलच्या पट्ट्या, चकचकीत होईपर्यंत घासलेल्या. डीसी, टॉर्च निगेटिव्हला, साधारण ७५ अँपिअर. ॲल्युमिनियमला एसी लागतं, ते नंतर बघू. हेल्मेटची काच १० नंबर शेडची.

पहिले दोन दिवस फिलर रॉडला, म्हणजे सांध्यात वितळवून भरायच्या सळईला, हातच लावू नका. टोक पत्र्यापासून २-३ मिमी वर ठेवून नुसतं वितळलेल्या धातूचं चमकतं डबकं तयार करा आणि सरळ पुढे न्या. मनगटाला टेकू द्या; मी विटेचा तुकडा ठेवतो. आर्क विझली तरी गॅस थांबेपर्यंत टॉर्च तिथेच धरा.