माकडाच्या यकृताची सोनोग्राफी: या चुका टाळा

'फॅटी लिव्हर'चा शिक्का बसलेलं लाल तोंडाचं माकड समोर आलं, की मी रिपोर्ट बाजूला ठेवते आणि आधी प्रिंटवरचं पित्ताशय बघते. उपाशी माकडाचं पित्त काळंकुट्ट दिसायला हवं. ते राखाडी दिसत असेल तर यकृताला दोष देऊ नका, बहुधा मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, चढलेला आहे.

नागपुरातल्या मे महिन्यातली एक केस. मंदिराबाहेर केळी, पेढे खाऊन लठ्ठ झालेली, नंतर पिंजऱ्यात आलेली मादी. भर दुपारी खिडकीसमोर मशीन लावलं होतं. उजेडात स्क्रीन फिका दिसला म्हणून तपासणाऱ्याने गेन वाढवला, यकृत चरबी साचल्यासारखं पांढरं दिसलं आणि लगेच तिचा खुराक निम्म्यावर आला. हे भयंकर आहे. लठ्ठ माकडाचं खाणं अचानक तुटलं की अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते दगावू शकतं. म्हणजे नसलेला आजार उपचारानेच व्हायचा! आम्ही पडदे ओढले, गेन उतरवला आणि यकृत व उजवी किडनी एकाच फ्रेममध्ये, त्वचेपासून सारख्याच अंतरावर घेतली. दोन्हींच्या पांढरेपणात फारसा फरक नव्हता. यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरांच्या भिंती ठळक होत्या, मागे डायफ्रामची (छाती-पोटामधल्या पडद्याची) रेघ स्वच्छ होती. यकृतात खरंच चरबी वाढलेली असती तर त्या भिंती पुसट झाल्या असत्या आणि खोलवरचा भाग अंधारला असता. खुराक त्याच संध्याकाळी पूर्ववत केला. खिडकी झाकायला दोन मिनिटं लागतात, नव्या मुलांना तेवढाही धीर नसतो.

दुसरी चूक उपाशी ठेवण्यातली. "रात्रीपासून काही दिलं नाही, मॅडम," असं रखवालदार सांगतो आणि तो खरंच बोलत असतो. पण लाल तोंडाचं माकड गालाच्या पिशवीत हरभरे दडवून बसलेलं असतं. भूल चढल्यावर ते घशात सरकले तर श्वासनलिकेत जातात. केटामाइन हे भुलीचं औषध लागू झालं की मी आधी दोन्ही गाल बाहेरून दाबून रिकामे करते, सोनोग्राफीच्या प्रोबला (अंगावर फिरवायच्या दांडीला) हात नंतर.

काळ्या तोंडाच्या वानराला गालाच्या पिशव्या नसतात. त्याचं पोट मात्र कप्प्याकप्प्यांचं, आत पाला आंबत असतो. रात्रभराच्या उपासाने ते रिकामं होत नाही आणि गॅसमुळे यकृताचा डावा भाग झाकला जातो. उपास लांबवू नका. डाव्या कुशीवर झोपवा आणि उजव्या बरगड्यांमधून बघा.

पोटावरचे केस नीट काढा. जेलऐवजी स्पिरिट ओतायचा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. प्रोब खराब होतो, जनावर गार पडतं. कूलरचा झोत टेबलावर नको, जेल कोमट करून घ्या. डायफ्रामपलीकडे दिसणारं 'यकृत' बहुतेक वेळा आरशातल्यासारखं प्रतिबिंब असतं.

हातमोजे, मास्क, गॉगल हवेतच. लाल तोंडाच्या माकडांत माणसाच्या जिवावर बेतू शकणारा हर्पीस बी विषाणू असू शकतो. ओरखडा आलाच तर जखम लगेच 15 मिनिटं साबणपाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून यकृत निरोगी ठरत नाही, सुरुवातीची सूज त्यात दिसेलच असं नाही. त्याच भुलीत रक्त काढून घ्या; नुसत्या रक्तासाठी दुसऱ्यांदा भूल देणं मला पटत नाही.