फोटोगॅलरीचं प्लगइन निवडताना

मालवणात आमचा चार खोल्यांचा होमस्टे. सिंधुदुर्ग किल्ल्याचे साठ फोटो मी आमच्या वेबसाइटवर झगमगीत स्लाइडरमध्ये (फोटो एकामागून एक सरकवणाऱ्या पट्टीत) चढवले, एकेक पाच एमबीचा! वाडीत रेंजची एकच काडी. पाहुण्यांच्या मोबाइलवर नुसतं चक्र गरगरायचं.

आता फोटो आधी १६०० पिक्सेल रुंदीवर आणते, मगच टूल बघते. वर्डप्रेसचा, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरचा, स्वतःचा गॅलरी ब्लॉक (फोटो मांडायचा तयार भाग) बहुतेकांना पुरतो; ५.५ आवृत्तीपासून (२०२०) खालचे फोटो जवळ सरकल्यावरच उतरतात. प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं जास्तीचं टूल, हवंच असेल तर शेवटचं अपडेट कधीचं ते बघा. दोन फोटो टाकून प्लगइन काढून टाका, फोटोंखाली लिहिलेल्या ओळी शाबूत राहतात का? माझ्या सगळ्या गेल्या. आणि उभे फोटो चौकोनात कापत असेल तर नकोच. बिनशेपटीचा बांगडा कोण बघणार?