नगरसेवकाचा आमदार झाला, आता त्याची कारकीर्द तपासायची कशी?

आमच्या कोल्हापुरात माणूस आमदार होतो तो बहुतेक वेळा पायरी पायरीनं. आधी तालीम मंडळ, मग महापालिका नाहीतर झेडपी, मधे गोकुळ दूध संघ, केडीसीसी म्हणजे जिल्हा बँक, नाहीतर बाजार समितीचं संचालकपद आणि मग विधानसभेचं तिकीट. 2022 च्या कोल्हापूर उत्तर पोटनिवडणुकीत तर समोरासमोर असलेले जयश्री जाधव आणि सत्यजित कदम दोघंही आधी महापालिकेत बसलेले. त्यामुळं आपण "भागात काम चांगलंय" एवढ्यावरच बटण दाबतो. मीही दाबलं होतं. रात्री दोन वाजता आमच्या गल्लीतलं तुंबलेलं ड्रेनेज स्वतः उभं राहून काढून घेतलेला माणूस होता तो, मत मनापासून दिलं, पण पाच वर्षांत त्यानं सभागृहात काय विचारलं हे मला कुणी विचारलं असतं तर एक ओळ सांगता आली नसती. त्याचं मला फार वाईट वाटलं, तेव्हापासून मी हे सगळं शोधून वाचायला लागलो.

पहिलं काम म्हणजे शपथपत्र काढा. फॉर्म 26 म्हणतात त्याला, निवडणूक आयोगाच्या साईटवर उमेदवाराच्या नावानं सापडतं, जुन्या इलेक्शनची माहिती मायनेता साईटवर मिळते. एक वाचून काही कळत नाही, दोन इलेक्शनची घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. जमिनीच्या तक्त्यात गट नंबर, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, आजचा बाजारभाव असं सगळं लिहावं लागतं, बायकोचं आणि अवलंबून असलेल्यांचं वेगळं. नुसती बेरीज वाढली म्हणून बोट दाखवू नका, शहरालगत जमिनीचे भाव सगळ्यांचेच वाढलेत. नवा गट नंबर कुठला आला आणि तो पद मिळाल्यावर घेतलाय का, ते बघा.

गुन्ह्यांचं पान पण सावकाश वाचा. ऊसदराच्या नाहीतर टोलच्या आंदोलनात उतरलेल्या माणसावर जुन्या आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं, कलम 143 किंवा 341 असू शकतं, म्हणजे जमाव जमवला, वाट अडवली. ते आणि 420 फसवणूक, 409 अपहार एका तराजूत घालायचं नाही. किती गुन्हे यापेक्षा कुठलं कलम हे महत्त्वाचं. जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे नंबर बदललेत, तेवढं लक्षात ठेवा.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. गटर, लाईट, पाणी हे नगरसेवकाचं काम, आमदाराचं काम कायदा करणं आणि सरकारला जाब विचारणं. हद्दवाढच घ्या, म्हणजे आजूबाजूची गावं शहराच्या हद्दीत घेणं. 1972 ला महापालिका झाली आणि हद्दवाढीचा विषय वर्षानुवर्षं लोंबकळला. महापालिका ठराव करू शकते, अंतिम निर्णय राज्य सरकारचा, आणि आजूबाजूच्या गावांचा विरोध. नगरसेवक असताना ठरावाला हात वर केलेला माणूस आमदार झाल्यावर, मतदारसंघात ती गावं आल्यावर काय बोलतो, हे तपासा. विधानमंडळाच्या साईटवर कार्यवाही असते, त्यात तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो), लक्षवेधी (तातडीच्या विषयावर मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं) यात त्याचं नाव शोधा. तो मंत्री असेल तर प्रश्न सापडणार नाहीत, कारण मंत्री उत्तरं देतो, मग त्याच्या खात्याचे जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचा.

शेवटी आमदार निधी, वर्षाला 5 कोटी. कुठल्या कामाला किती मंजूर, किती खर्च, काम पूर्ण की अर्धवट, याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन विभागाकडं माहिती अधिकारात मागा, अर्जाला 10 रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वर्ष आणि गावाचं नाव स्पष्ट लिहा, मोघम अर्ज केला की मोघमच उत्तर येतं. यादी आली की गाडी काढा आणि जागेवर जा, समाजमंदिर लिहिलंय तिथं समाजमंदिर उभं आहे का, त्याला कुलूप आहे का माणसं बसतात ते बघा, फोटो काढा, आणि पुढच्या इलेक्शनला तो मत मागायला दारात आला की ती यादी हातात घेऊन एकेक काम विचारा.