अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळातल्या राजनिष्ठ पुस्तिका वाचताना या चुका टाळा

ब्रिटनपासून स्वातंत्र्य मागणारी थॉमस पेनची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका सगळे वाचतात. त्याच्या विरोधकांच्या, म्हणजे ब्रिटनच्या राजाशी निष्ठा राखणाऱ्यांच्या, पुस्तिका कुणी उघडल्याच, तर चुका ठरलेल्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टोपणनावावर भरवसा. एका दिवाळी अंकाच्या संपादनात हात लावत होतो, तेव्हा ‘राजाच्या बाजूचा शेतकरी’ असा लेख आला. १७७४ मधल्या ‘वेस्टचेस्टरच्या शेतकऱ्या’च्या पुस्तिकांवर बेतलेला, घाम, कष्ट, मातीचं इमान, सगळं ओतलेलं. हा शेतकरी म्हणजे सॅम्युअल सीबरी, चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री! काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधी सभेच्या, ब्रिटनविरुद्धच्या व्यापारबंदीने जवस पडून राहील, ही भीती त्याने शेतकऱ्याच्या वेषात शिरून घातली. लेखकाला फोन केला, तर म्हणे, “अहो, मुखपृष्ठावर तसंच छापलंय.” लेख साभार परत.

मी मजकुराला हात लावण्याआधी लेखक, छापखाना आणि तारीख चिठ्ठीवर उतरवतो. मग गमती दिसतात. सीबरीला उत्तर देणारा अलेक्झांडर हॅमिल्टन तेव्हा कॉलेजात होता, आणि दोघांनाही छापणारा न्यूयॉर्कचा जेम्स रिव्हिंग्टन. ‘कॉमन सेन्स’ पहिल्यांदा छापणाऱ्या फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट बेलनेच त्याच वर्षी, १७७६ मध्ये, तिचं खंडन करणारी जेम्स चामर्सची ‘प्लेन ट्रुथ’ही काढली. धंदा तो धंदा.

दुसरी चूक प्रती मोजण्याची. पेनच्या लाखभर खपल्या, विरोधकांच्या मूठभर, म्हणजे जनमत ठरलं! १,२०,००० हा आकडा खुद्द पेनचाच. उलट बाजूला चार्ल्स इंग्लिसचं पेनला दिलेलं उत्तर मार्च १७७६ मध्ये न्यूयॉर्कात छापून तयार होतं. जमाव छापखान्यात घुसला आणि गठ्ठे जाळले. रिव्हिंग्टनचे छपाईचे खिळे तर नोव्हेंबर १७७५ मध्येच उचलून नेलेले. जे वाचकापर्यंत पोचूच दिलं नाही, त्याचा खप काय मोजता?

राजनिष्ठ दिसला की ‘उदारमतवादाचा शत्रू’ हा शिक्काही मारू नका. चामर्स माँतेस्क्यू या उदारमतवादी फ्रेंच विचारवंताचेच दाखले देतो. त्याला धास्ती आहे ती बेबंद लोकशाहीची. सीबरीला तर राजापेक्षा व्यापारबंदी राबवणाऱ्या गावोगावच्या उपटसुंभ कमिट्याच जास्त जुलमी वाटतात.

सारांशावर लेख पाडणाऱ्यांना काय सांगायचं! निदान सीबरी-हॅमिल्टन जुगलबंदी तरी क्रमाने वाचा: नोव्हेंबर १७७४ चा सीबरी, डिसेंबरचा हॅमिल्टन, पुन्हा सीबरी, मग फेब्रुवारी १७७५ चा हॅमिल्टन. सुटं वाचलंत तर अर्धे टोमणे डोक्यावरून जातील.